माझा घासून टाकलेला हूक

तुम्ही मला ओळखत नाही, कारण मी जवळ आले की तुम्ही डोळे मिटता. फोनवर हाताखालच्या माणसांना झापत आत येणारे, कुणी न विचारता 'मला काही भीतीबिती नाही हं' असं सांगणारे, सगळे मिटतात. मी दातांच्या दवाखान्यातली सिरिंज आहे. पोलादी, वीतभर लांब, आणि माझ्या शेपटाला अंगठा घालायची एक गोल कडी आहे. एकोणीस वर्षं मी माणसांच्या उघड्या तोंडांत डोकावते आहे. त्यामुळे माणसांबद्दल माझं मत फारसं बरं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे एक चष्मेवाला कारागीर होता. त्याने माझ्या दांड्याच्या टोकाला माशाच्या गळासारखा एक बारीक हूक बसवला. माझ्या पोटात औषधाची काचेची नळी बसते. नळीच्या मागच्या तोंडाला रबरी बूच असतं आणि माझा हूक त्या बुचात रुततो. अंगठ्याने कडी पुढे ढकलली की औषध सुईतून बाहेर जातं. कडी किंचित मागे ओढली की बूचही मागे येतं.

मागे कशाला ओढायचं? सुईचं टोक चुकून रक्तवाहिनीत शिरलेलं असू शकतं. मग कडी मागे ओढताच काचेत रक्ताचा लाल धागा दिसतो. दिसला तर जागा बदलायची, नाही दिसला तर खुशाल औषध सोडायचं. दोन सेकंदांचं काम आहे.

तो कारागीर प्रत्येक सिरिंज स्वतः ओढून बघायचा. "ढकलायला काय, कुणीही ढकलतं," तो शेजारच्याला म्हणायचा. "मागे ओढता आली तरच ती सिरिंज." माझ्या आयुष्यात मला भेटलेला पहिला शहाणा माणूस तोच. दुसरा भेटायला पुढे फार वर्षं गेली.

दवाखान्यात आले तेव्हा डॉक्टरसाहेबांच्या डोक्यावर दाट केस होते आणि हातात घाई होती. केस गेले, घाई राहिली. हात त्यांचा चांगला, हे मी नाकारत नाही. पण त्यांना त्या हाताचं भारी कौतुक. खुर्चीतला माणूस 'आ' करायच्या आत ते मला पुढे करायचे, कडीवर अंगठा दाबायचे आणि दहा सेकंदांत नळी रिकामी. तेवढ्याच औषधाला निदान एक मिनिट द्यायला हवं. पण एक मिनिट म्हणजे डॉक्टरसाहेबांच्या लेखी एक जन्म. मागे ओढणं तर त्यांच्या गावीही नव्हतं. "मला हाताला कळतं," असं ते म्हणायचे. हाताला काय कळत होतं, देव जाणे.

दवाखान्यात एक सिस्टर होत्या. मला घासूनपुसून वाफेच्या डब्यात ठेवणं, नळी घालणं, काढणं हे त्यांचं काम. रिकामी नळी काढताना ती माझ्या हुकात अडकायची आणि एकदा तो हूक सिस्टरांच्या बोटाला चांगलाच लागला.

"डॉक्टर, याचं काहीतरी करा हो. रोज बोट जातंय माझं."

त्या दिवशी योगायोगाने खुर्ची दुरुस्त करायला मेकॅनिक आला होता. डॉक्टरांनी मला त्याच्या हातात दिलं. "हे टोचणारं टोक जरा घासून सपाट करून द्या."

खरं तर माझा हूक आट्यांचा आहे. फिरवला की निघतो, झिजला तर नवा बसवता येतो, आणि नळी काढायच्या आधी कडी कशी मागे घ्यायची तेही कारखान्याच्या कागदावर चित्रासकट छापलं होतं. पण छापलेला कागद वाचला तर मोठेपणाला धक्का बसत असावा. मेकॅनिकने चाक फिरवलं, ठिणग्या उडाल्या आणि अर्ध्या मिनिटात माझा अर्धा जन्म घासून गेला. ढकलण्यापुरती उरले. सिस्टरांचं बोट वाचलं. सगळे खूश झाले आणि चहा प्याले.

पुढे कित्येक वर्षं काही झालं नाही. काही होत नाही म्हणजे आपण बरोबरच आहोत, ही माणसांची आवडती समजूत.

मग एका सकाळी पोस्टमनकाका आले. उभ्या शहराचं टपाल सायकलवरून वाटणारा, काटक, हसरा माणूस. खालची दाढ किडली होती. डॉक्टरांनी लाल पट्टीची नळी मागितली. हिच्याबद्दल थोडं सांगायला हवं. लाल पट्टीच्या नळीत बधिर करणाऱ्या औषधाबरोबर अॅड्रेनॅलिनचा अंश असतो. लाख भागांत एक भाग, एवढाच. त्याने आसपासच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, औषध जागच्या जागी टिकतं, बराच वेळ दुखत नाही, रक्तही कमी वाहतं. साध्या नळीत ते नसतं, म्हणून तिचा असर लवकर ओसरतो.

खालच्या दाढेसाठी सुई जबड्यात खोलवर जाते आणि तिथे रक्तवाहिन्यांची दाटी असते. त्या दिवशी माझी सुई नेमकी एका वाहिनीत शिरली. मला ते जाणवलं. पण डॉक्टरांचा अंगठा आला तो पुढेच, धाडकन. जे हिरडीत मुरायला हवं होतं ते सरळ रक्तात गेलं.

पोस्टमनकाकांचा चेहरा पांढराफटक पडला. हात थरथरायला लागले. "डॉक्टर, छातीत धडधडतंय... कुणीतरी आतून दार ठोकतंय असं वाटतंय."

खुर्ची आडवी केली, सिस्टर धावल्या. दहाएक मिनिटांत धडधड थांबली. मग डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला काही आजार आहे का?"

"दोन वर्षांमागे हृदयात ती स्प्रिंग बसवलीय."

"अहो, मग आधी सांगायचं नाही?"

"सांगायच्या आधीच तुमचा हात माझ्या तोंडात होता."

डॉक्टर सिस्टरांकडे वळून म्हणाले, "बघितलंत? हार्टवाल्याला लाल नळी दिली की हे असं होतं."

सुई कुठे होती? औषध किती वेगात गेलं? मागे ओढून पाहिलं का? एकही प्रश्न नाही. दोष औषधाचा आणि काकांच्या हृदयाचा. हात तेवढा निर्दोष! त्याच दुपारी औषधांच्या कपाटावर डॉक्टरांच्या अक्षरात एक कागद लागला: 'हृदयरोग्यांना लाल नळी कधीही देऊ नये.' 'कधीही'च्या खाली दोन रेघा. आपण न पाहिलेल्या गोष्टीवर माणसं इतक्या ठाम रेघा कशा मारतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

मीही गप्प राहिले. पोलादाला वाचा नसते, हे कारण मी स्वतःला बरेच दिवस देत आले. दुसऱ्यांना नावं ठेवते आहे, तर हेही सांगून टाकते.

पोस्टमनकाकांनी मात्र तो शब्द मनाला लावून घेतला. आपलं हृदय एक इंजेक्शनही सोसू शकत नाही, असं त्यांनी ठरवलं. सायकल सोडली. कचेरीत बसून पत्रं लावायचं काम मागून घेतलं. सिस्टर त्यांच्याच गल्लीत राहतात, म्हणून हे मला कळलं, आणि डॉक्टरांनाही.

त्या कागदानंतर हृदयाचा आजार असलेला जो येईल त्याला साधी नळी. अर्ध्यात असर ओसरायचा, माणूस खुर्चीत ताठ व्हायचा, ओरडायचा. "हार्ट असलं की थोडं सोसायचंच," डॉक्टर म्हणायचे. आणि गंमत ऐका. माणूस कळवळला, घाबरला की त्याच्या स्वतःच्या शरीरात तेच अॅड्रेनॅलिन तयार होतं आणि माझ्या लाखात एकाच्या मानाने कितीतरी जास्त. म्हणजे चमचाभर पाण्याला भिऊन यांनी त्याच माणसाला ओढ्यात ढकललं होतं, आणि वर काठावर उभं राहून स्वतःच्या सावधपणाचं कौतुक करत होते.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांची भाची नुकतीच दातांची डॉक्टर होऊन दवाखान्यात आली. हळू बोलणारी, खाली मान घालून चालणारी. मला वाटलं, हीसुद्धा महिन्याभरात मामासारखीच ढकलायला शिकेल. पण ती आल्या दिवशी बीपीचं यंत्र घेऊन आली आणि खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या दंडाला पट्टा बांधायला लागली. कुठल्या गोळ्या घेता, कशासाठी घेता, आज सकाळची घेतली का, सगळं विचारायची आणि लिहून ठेवायची.

"अगं, तू दात काढतेयस की जनगणना करतेयस?" मामा म्हणाले.

"मामा, दोनच मिनिटं लागतात."

"दोन-दोन मिनिटं करत म्हातारी होशील."

तिने मला पहिल्यांदा हातात घेतलं, कडीत अंगठा घातला आणि कुणालाही टोचायच्या आधी मागे ओढून पाहिलं. दांडा आला, बूच जागच्या जागी. तिने पुन्हा ओढलं. मग मला उघडून उजेडात धरलं आणि माझ्या घासलेल्या टोकावरून बोट फिरवलं. इतक्या वर्षांत मला असं कुणी पाहिलं नव्हतं.

"मामा, हिला हूकच नाही. ही मागे ओढत नाही."

"पुढे ढकलते ना? झालं तर मग!"

 पण आठवड्याभरात तिने एका छोट्या डबीतून नवा हूक आणला आणि सिस्टर बघत असताना माझ्या दांड्यावर फिरवून बसवला. "आणि सिस्टर, नळी काढताना आधी कडी अशी मागे घ्यायची. मग बोटाला लागत नाही."

"अगंबाई," सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं..."

"हो," भाची म्हणाली आणि हात धुवायला गेली.

यानंतर जे घडलं ते भाचीच्या आईच्या दाढेवरून. भाचीची आई म्हणजे डॉक्टरसाहेबांची थोरली बहीण, ताई. ताईंच्या हृदयाची झडप बदलायची होती. सोमवारी इस्पितळात भरती व्हायचं ठरलं होतं. पण तपासणीत उजवीकडची खालची दाढ मुळाशी सडलेली निघाली. तिथली घाण रक्तातून नव्या झडपेवर गेली तर सगळंच अवघड, म्हणून हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलं: दाढ निघेपर्यंत ऑपरेशन नाही. आणि ऑपरेशनला उशीर परवडणारा नव्हता. चार पायऱ्या चढल्या तरी ताईंना दम लागत होता.

बुधवारी ताई खुर्चीत बसल्या. डॉक्टरांनी भाचीला बाजूला केलं. "माझी बहीण आहे, मीच काढणार. सिस्टर, साधी नळी."

"मामा, हृदयाच्या डॉक्टरांनी पत्र दिलंय—"

"त्यात काय असणार? हार्ट आहे, जपा. मला माहीत आहे."

ताई हसल्या. "छोट्या, तुझा पहिला दुधाचा दात मी दोऱ्याने काढला होता, आठवतं? दहा मोजते म्हणाले आणि सातलाच ओढला. आज त्याचा सूड घे."

छोट्या! साठीला आलेले डॉक्टरसाहेब सिस्टरांसमोर लाल झाले. मला हे नाव फार आवडलं.

माझ्यात साधी नळी आली, दहा सेकंदांत रिकामी झाली. दाढ हट्टी निघाली. हलेना. पंधरा मिनिटांत ताईंच्या कपाळावर घाम आला, हात खुर्चीच्या दांड्यावर आवळले गेले. त्या ओरडल्या नाहीत. धाकट्या भावासमोर थोरल्या बहिणी ओरडत नसाव्यात. पण दंडावरच्या पट्ट्याचे आकडे वर वर चढत चालले होते. भाची ते बघत होती. शेवटी ती जन्मात पहिल्यांदा मोठ्याने बोलली.

"मामा, थांबा! आईला दुखतंय."

डॉक्टर थांबले. दाढ तशीच राहिली. कापूस दाबून, गोळी देऊन ताईंना घरी पाठवलं. "आता माझ्याच्याने नाही होत," डॉक्टर सिस्टरांना म्हणाले. "हार्टचं काम. ऑपरेशन पुढे ढकला म्हणावं." पुढे ढकलणं! त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

शुक्रवारी ताई पुन्हा आल्या. त्यांनी स्वतःच पर्समधून ते पत्र काढून लेकीच्या हातात दिलं. "वाच. मोठ्याने वाच. याला चष्म्यातूनही दिसत नाही."

भाचीने वाचलं. "रुग्णाला दुखू देऊ नये. अॅड्रेनॅलिन असलेलं औषध दोन नळ्यांपर्यंत चालेल. रक्तवाहिनीत जात नाही याची खात्री करावी. अतिशय सावकाश द्यावं. बीपी आणि नाडीवर सतत लक्ष ठेवावं."

 कपाटावरचा दोन रेघांचा कागद सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

"कागदावर लिहायला काय जातंय," डॉक्टर म्हणाले. "माझ्या डोळ्यांसमोर पोस्टमन पांढरा पडलाय. तो पत्रवाला डॉक्टर इथे होता का?"

"छोट्या," ताई म्हणाल्या, "सोमवार माझा आहे की तुझा?"

"तुझा," डॉक्टर पुटपुटले.

"मग दे तिच्या हातात."

भाचीने माझ्यात लाल पट्टीची नळी बसवली आणि मला उचललं. तिची बोटं गार होती, हे मी लपवणार नाही. आई डोळे मिटून होती. लेकीला मिटता येत नव्हते. डॉक्टर खांद्यामागे उभे राहिले, हात पाठीशी बांधून. सुई आत गेली. जबड्याजवळ पोचली. तिचा अंगठा कडीत होता. खोलीत फक्त बीपीच्या यंत्राचा आवाज येत होता.

तिने अंगठा मागे घेतला.

काचेत रक्ताचा लाल धागा आला. बारीक, वळणदार, सगळ्यांना दिसेल असा.

भाचीने सुई बाहेर काढली. नळी बदलली, सुई बदलली, किंचित वेगळ्या जागी पुन्हा घातली. अंगठा मागे. या वेळी काच स्वच्छ. मग तिने मोजायला सुरुवात केली, मनात नाही, आईला ऐकू येईल असं. एक, दोन, तीन... थेंब थेंब औषध जात होतं. सात झाले. ताईंची एक भुवई वर गेली. आठ. नऊ. साठपर्यंत तिने एकही आकडा गाळला नाही.

मी मात्र डॉक्टरांकडे बघत होते. ते टेबलावर बाजूला ठेवलेल्या पहिल्या नळीकडे बघत होते. तो लाल धागा आता पसरून गुलाबी झाला होता. मोजणं संपलं, दाढ बधिर झाली, निघाली, टाका पडला, आकडे जागच्या जागी राहिले, ताई कापूस चावत "झालं?" म्हणाल्या, तरी ते तिथेच बघत होते. त्या एका नळीत त्यांना एक सायकल दिसली असणार. दिसली नसेल, तर मग माणसांबद्दल माझं मत आहे त्याहूनही वाईट करावं लागेल.

ताई सोमवारी भरती झाल्या. झडप बदलली. आता चार काय, चाळीस पायऱ्या चढतात आणि वर पोचून भावाला फोनवर झापतात.

आणि डॉक्टरसाहेब? महिन्याभरात ते दुसऱ्या एका दातांच्या डॉक्टरला फोनवर सांगत होते, "मी नेहमी म्हणतो, आधी मागे ओढा, मग सोडा. सावकाश. आणि हार्टवाल्यांना दुखू देऊ नका." नेहमी! भाची शेजारीच उभी होती. तिने तोंडावरचा मास्क जरा वर ओढला. ती हसली असावी. मला हसता आलं असतं तर मी वाफेच्या डब्यात पडून हसले असते.

पण परवा पोस्टमनकाका आले. दुसऱ्या बाजूची दाढ. पोट सुटलेलं, चाल जपून जपून. बसल्याबसल्या हात जोडून म्हणाले, "डॉक्टर, माझ्या हार्टला ती लाल नळी सोसत नाही. तेवढं लक्षात असू द्या. तेव्हापासून मी सायकलही सोडली बघा."

कपाटावर कागद नव्हता. चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे राहिले होते. डॉक्टरांनी मला हातात घेतलं, परत खाली ठेवलं. चष्मा काढला, पुसला, घातला. खिडकीकडे पाहिलं. मला वाटलं, आता हवापाण्याच्या गप्पा काढून वेळ मारून नेतील. माझी तशी पुरती खात्री होती.

"काका," ते म्हणाले, "त्या दिवशी... तुमच्या हृदयाचा काही दोष नव्हता. सुई चुकली होती. माझी. मी मागे ओढून बघितलं नाही."

पोस्टमनकाकांनी जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाले, "म्हणजे सायकल चालवली असती तरी चाललं असतं?"

"हृदयाच्या डॉक्टरांना विचारून घ्या. पण माझ्यामुळे सोडायला नको होती."

हट्टी दाढा मी पुष्कळ पाहिल्या. पण एवढी दोन वाक्यं तोंडातून निघायला जितका जोर लागला, तितका कुठल्याही दाढेला लागलेला मी पाहिला नाही. मग भाचीने पट्टा बांधला, गोळ्या विचारल्या, आणि डॉक्टरांनी माझ्या कडीत अंगठा घातला. सुई जागेवर पोचली. अंगठा मागे आला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, त्यांचा.

काच स्वच्छ होती.

म्हणून माझं मत बदललं असं समजू नका. मी अजून त्याच ट्रेमध्ये आहे, अजून रोज उकळत्या वाफेत जाते, आणि तुम्ही अजून गोळ्या लपवता, दात न घासता घासले म्हणता आणि डोळे मिटता. माझं एकच सांगणं आहे. पुढच्या खेपेला खुर्चीत बसाल तेव्हा काय आजार आहे ते हात तोंडात जायच्या आधी सांगा. आणि एक डोळा, एकच, किलकिला का होईना, उघडा ठेवा. औषध सोडायच्या आधी समोरच्याचा अंगठा मागे येतो का, एवढं बघा. आला नाही तर तुमचं तोंड उघडंच असेल, विचारा.